एकहाती सर्व्हर

बिश्केकच्या त्या ऑफिसात कुबात वयाने थोरला, म्हणून सगळ्यांचा ‘बाइके’, म्हणजे थोरला भाऊ, आणि म्हणून त्याचंच खरं. बेगीमाईने वेबसाइटची स्क्रिप्ट तपासायला आपल्या लॅपटॉपवर एका ओळीत सुरू होणारा चिमुकला सर्व्हर निवडला, तेव्हा त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

“हे काय खेळणं? माझा मोठा सर्व्हर चावतो का तुला?”

“तो चालवला की लॅपटॉप भट्टीसारखा तापतो, बाइके. मला स्क्रिप्ट तपासायचीय, नान भाजायचा नाही.”

त्याने तणतणत स्वतःची स्क्रिप्ट तिच्या सर्व्हरवर चालवली. पान उघडेचना.

“बघ, मेलं तुझं शिंगरू!”

बेगीमाईने स्क्रिप्ट वाचली आणि तिचं डोकंच सणकलं. स्क्रिप्ट मधेच त्याच सर्व्हरकडे दुसरं पान मागत होती. एका वेळी एकच काम करणारा तो, हातातलं संपल्याशिवाय दुसरं घेणार कसा?

“तुमच्या सर्व्हरला दहा हात, म्हणून ही चूक झाकली गेली; एकाच पानात दोन-दोन हात अडकायचे. गिऱ्हाइकं ‘पान संथ, पान संथ’ म्हणून बोंबलायची आणि वर्षभर शिव्या मी खाल्ल्या!”

सवयीने कुबातने रिकामा प्याला तिच्यापुढे सरकवला. चहा धाकट्यानेच ओतायचा असतो.

तिने किटली उचलली आणि त्याच्यासमोर आदळली.