सुनेची फुटबॉल लिली

"आजी, खुर्ची उचला. माप घ्यायचंय," आमच्या बिल्डिंगचा सेक्रेटरी म्हणाला.

"मी बसलेय ते दिसत नाही? माझंच घे माप."

त्याच्या हातात टेप होती आणि मागे फरशीवाला कानावर पेन्सिल खोचून उभा होता. जागा म्हणजे काय, तर आमच्या तळमजल्याच्या खिडकीखालची दोन खाटा मावतील एवढी माती. पण सेक्रेटरीच्या डोळ्यांना तिथे चार स्कूटर उभ्या दिसायला लागल्या होत्या.

"आहे काय इथे, सांगा ना. गवताची काडीसुद्धा नाही."

"फुटबॉल लिली आहे."

"कुठे?"

"खाली. झोपलीय. तुझी बायको सुट्टीच्या दिवशी उशिरापर्यंत झोपते, म्हणून तिच्यावर फरशी घालतोस का?"

फरशीवाला खो खो हसला आणि लगेच खोकल्याचं निमित्त केलं. सेक्रेटरी काही हसला नाही. त्याने खुर्चीला वळसा घालून टेप ओढली, कागदावर आकडे लिहिले आणि म्हणाला, "सभेत ठरलंय, आजी. सोमवारी काम सुरू."

"सभेला मी कुठे होते?"

"तुम्हांला बोलावलं होतं. तुम्ही म्हणालात, टवाळांच्या सभेला मी येत नाही."

तसं मी म्हणाले होते खरं. अजूनही म्हणेन.

आता हे लिलीचे कंद माझे नव्हेत, माझ्या सुनेचे. ती औषधाच्या दुकानात काउंटरवर असते. लग्नाला सहा वर्षं झाली, पण घरात तिचा आवाज म्हणजे फ्रिजच्या आवाजाइतका. कान दिला तर ऐकू येतो. मी बोलायची आणि ती "हो आई" म्हणायची. भांडायला माणूस तोलामोलाचं लागतं. हिच्याशी भांडण म्हणजे उशीला गुद्दे मारल्यासारखं. हात आपलाच दुखतो.

मागच्या थंडीत तिची आई गेली. भावाने घर विकायला काढलं आणि बहिणींनी भांडी, कपाट, शिवणयंत्र वाटून घेतलं. ही परत आली ती मातीने बरबटलेली एक पिशवी घेऊन. मी दारातच विचारलं, "एवढं घर मोकळं केलंत आणि तुझ्या वाट्याला कांदे आले?"

"कांदे नाहीत, आई. फुटबॉल लिली आहे. आमच्या अंगणातली."

दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी तिने खिडकीखाली खड्डे करून ते कंद लावले. मला एवढंच म्हणाली की पाणी घालू नका, झोपेत पाणी मिळालं तर कुजतात. ऊन चांगलं तापलं की आपोआप येतात. आधी पान नाही, काही नाही, नुसता दांडा जमिनीतून वर येतो आणि त्याच्या टोकाला लाल धाग्यांचा गोल चेंडू. मग पानं. थंडी आली की सगळं पुन्हा गडप.

मी ते फूल जन्मात पाहिलेलं नव्हतं. पण त्या दिवशी बोलताना तिच्या हातवाऱ्यांवरून मला तो चेंडू केवढा असतो ते कळलं. सहा वर्षांत तिने हात हलवून काही सांगितलेलं मी पहिल्यांदा पाहत होते.

तर अशी ती लिली. सेक्रेटरी माप घेऊन गेला त्या रात्री जेवताना मुलगा म्हणाला, "आई, एक कंद उकरून बघू या. जिवंत असला तर त्याला दाखवू. मेला असला तर विषय संपला."

"उकरायचा नाही," सून म्हणाली. "कोंब सुटला असेल तर मोडेल."

"मग कळणार कसं?"

तिने त्याला भात वाढला. मग म्हणाली, "समोरच्या बंगल्यातल्या कुंड्यांत फुलून गेल्यासुद्धा. आपल्या नाही आल्या. जागा बदलली की रुसतात कधीकधी. अख्खं वर्ष येत नाहीत. राहू द्या आई, घालू दे त्यांना फरशी. माझ्यापायी सगळ्या बिल्डिंगशी वाकडं नको."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "जागा बदलली म्हणून रुसतात? तूही जागा बदलूनच आलीस ना इथे? तू बसलीस का वर्षभर रुसून?"

"बसले होते," ती म्हणाली. "तुम्हांला कळलं नाही."

मुलाचा घास हातातच राहिला. तिने उठून ताटं उचलली.

सकाळी उजाडायच्या आत मी खुर्ची घेऊन मातीत जाऊन बसले. काल बसले होते ती हौस होती. आता ती जागा गेली तर हिच्या आईच्या घरातली उरलेली एवढीशी वस्तूही जाणार होती, आणि ती जाताना ही पुन्हा "हो आई" म्हणणार होती. ते मला ऐकायचं नव्हतं.

येणारे जाणारे विचारायचे, "काय आजी, उन्हात बसलात?" मी म्हणायची, "सावली विकलीय." वरच्या मजल्यावरची शिक्षिका गॅलरीतून ओरडायची, "उगवलं का काही?" मी म्हणायची, "तुमच्या वर्गात उगवलं का?" दोन दिवस असे काढले. माती आपली कोरडी ठणठणीत. रोज सून कामावर जाताना एक नजर टाकायची, आल्यावर एक नजर टाकायची आणि मला चहा आणून द्यायची. मलाही आतून वाटायला लागलं होतं की मेले असणार. पण ते मी चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. अख्ख्या बिल्डिंगसमोर शब्द टाकला होता.

सोमवारी नेमकी माझी डोळ्यांच्या डॉक्टरकडची वेळ होती. मी जात नव्हते. मुलाने हात धरून रिक्षात बसवलं. "आई, एक डोळा आधीच गेल्यात जमा आहे. सेक्रेटरीला मी फोन केलाय, आज नाही येणार कोणी."

डॉक्टरने डोळ्यांत थेंब घातले, त्यामुळे परतताना सगळं धूसर. गेटाशी उतरले तर वाळूचा ढीग, फरशांची चळत, फावडी. मुलाचा हात झटकून मी पुढे गेले.

माझ्या खुर्चीवर कोणीतरी निळं बसलं होतं. जवळ गेले तेव्हा दिसलं. सून. दुकानाचा निळा कोट अंगात, पर्स मांडीवर, पाय मातीत घट्ट रोवलेले. शेजारी फरशीवाला आणि त्याची दोन माणसं आमच्याच कपांतून चहा पीत होती.

"कामावर नाही गेलीस?"

"नाही. सुट्टी टाकली."

"आणि सेक्रेटरी?"

ती काही बोलायच्या आधी फरशीवालाच गुडघ्यावर थाप मारून म्हणाला, "आजी, तुम्ही पाहिजे होतात! सेक्रेटरीसाहेब म्हणाले, इतके महिने इथे काही उगवलं नाही, घाला फरशी. तर ताई म्हणाल्या, 'काका, तुमच्या डोक्यावर इतकी वर्षं काही उगवलं नाही, तिथे घातली का कोणी?'"

मी सुनेकडे बघितलं. तिचे कान लाल झाले होते.

"खरंच बोललीस?"

"निघून गेलं तोंडातून," ती म्हणाली. "नंतर माफी मागितली मी. पण उठले नाही."

"माफी कशाला मागितलीस?" मी म्हणाले. पण आवाज जरा वेगळाच आला, म्हणून डोळे पुसले. थेंब घातले होतेच, कोणी विचारलं नाही.

संध्याकाळी सेक्रेटरी खाली आला. टोपी घालून आला. माझ्याशी नाही, सुनेशी बोलला. पुढच्या सोमवारपर्यंत थांबतो म्हणाला, त्यानंतर नाही. ती म्हणाली, "ठीक आहे काका." त्या "ठीक आहे"मध्ये पूर्वीचं "हो आई" नव्हतं. मी कान देऊन ऐकलं.

शुक्रवारी सकाळी मी डाळ निवडत होते. ती चप्पल घालून बाहेर गेली आणि लगेच परत आली. माझं मनगट धरलं आणि ओढतच घेऊन गेली. डाळ सांडली. मातीला भेग पडली होती आणि तिच्यातून अंगठ्याएवढं लालसर टोक वर आलं होतं. हातभर अंतरावर दुसरं. आणि भिंतीशी तिसरं, तेही माती डोक्यावर घेऊनच उठलेलं.

"आई, बघा," ती म्हणाली. ते ती मला म्हणत होती की तिच्या गेलेल्या आईला, मी विचारलं नाही.

रविवारपर्यंत पहिला चेंडू पुरा उलगडला. तिने हाताने दाखवला होता त्याहून मोठा. नुसते लाल धागे, टोकाला पिवळे ठिपके, ना पान ना आधार, उघड्या मातीत ताठ उभा. रस्त्यावरचे लोक गेटाशी थांबून बघायला लागले. शिक्षिका दोन जिने उतरून आली. सेक्रेटरीने चारही बाजूंनी फोटो काढले आणि जमलेल्या लोकांना म्हणाला, "आपल्या बिल्डिंगची शोभा आहे ही. मी पहिल्यापासून म्हणत होतो."

"हो तर," मी म्हणाले. "तू टेपने मोजून मोजूनच वर काढलीस."

फरशा मागच्या बाजूला लागल्या. स्कूटर तिथे मजेत उभ्या आहेत.

फुलं सुकायला लागली तेव्हा शिक्षिका माझ्याकडे आली. गोड आवाजात म्हणाली, "आजी, एखादा कंद द्याल ना मला?"

मी तोंड उघडलं. घरातून आधीच सुनेचा आवाज आला, जिन्यापर्यंत जाईल असा. "आत्ता नाही मिळायचा, बाई. पानं येऊन पिवळी पडू देत. मग या, बघू."

शिक्षिका माझ्याकडे बघत राहिली. मीच शेवटचा शब्द सांगणार असं तिला वाटत होतं.

"माझ्याकडे काय बघता?" मी म्हणाले. "जिचे आहेत तिने सांगितलं ना?"

शिक्षिका गेली. खिडकीखालच्या मातीवर लाल धागे गळून पडले होते. झाडू माझ्या हातातच होता. मी सुनेची तेवढी जागा सोडून बाकीचं अंगण झाडलं.