मुलाम्याखालचा हात

सकाळी नऊच्या सुमारास कारखान्यातून हाक यायची, "पडदा!" ती ऐकली की धाकटी सून हातातलं काम टाकायची आणि सासूबाईंच्या शेजारी, जाड निळ्या पडद्यामागे जाऊन उभी राहायची. दोघी विधवा.

कारखाना घराला लागूनच होता. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की समोर लेथ, त्यापुढे ॲसिडचा हौद आणि शेवटी मुलामा चढवायची टाकी. इथं यंत्रांचे शाफ्ट यायचे, म्हणजे फिरते दांडे. स्टेनलेस स्टीलचा दांडा गंजत नाही, पण घासून घासून झिजतो, म्हणून त्यावर क्रोमचा कडक मुलामा द्यायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण करणाऱ्याचा घाम निघतो. कारण या स्टीलवर हवा लागताच डोळ्यांना न दिसणारी साय धरते, आणि त्या सायीवर चढवलेला मुलामा पापुद्र्यासारखा सुटून येतो. ती साय ॲसिडमध्ये काढायची, दांडा पाण्यानं धुवायचा आणि ओला असतानाच टाकीत सोडायचा. मधल्या त्या अर्ध्या मिनिटात त्याला उघडा हात लागता कामा नये. मग तो हात कोणाचा का असेना.

हे सगळं धाकटीला तिच्या नवऱ्यानं शिकवलं होतं. सहा वर्षं दोघांनी टाकी सांभाळली. नवरा प्रत्येक खेपेतला एक दांडा भट्टीत तापवून थंड पाण्यात बुडवायचा. मुलामा कच्चा असेल तर तिथंच फोड येतो. त्या सहा वर्षांत एकदाही फोड आला नाही. आईला मात्र पडद्यामागे का उभं करतात, हे त्या भल्या माणसानंही कधी थोरल्या भावाला विचारलं नाही. तेवढं पाप त्याच्याही पदरात आहे.

मग तो तापानं गेला. आणि आठ दिवसांपूर्वीपर्यंत जिच्या हाताची टाकीला सवय होती, ती बाई एका रात्रीत अपशकुनी झाली. विधवेची नजर पडली की काम नासतं, असं त्या घरात मानत. थोरल्या दिरांनी टाकी स्वतःकडे घेतली आणि तिच्या अपशकुनावर उताराही काढला. दांडा ॲसिडमधून निघून धुऊन झाला की आधी आपल्या कपाळाला हात लावायचा, मग तोच हात दांड्यावर दाबून ठेवायचा. घरच्या कर्त्या पुरुषाचा हात! कपाळावर सकाळी चोपडलेलं तेल असायचं. हात तरी धड कुठं होता? अंगठ्याजवळचं बोट तरुणपणीच लेथमध्ये अर्धं गेलं होतं.

पहिल्याच दिवशी पडद्याच्या फटीतून धाकटीनं ते पाहिलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "भावोजी, हात लावू नका! तेलकट आहे, मुलामा धरायचा नाही."

थोरले गरकन वळले. "नवऱ्याला खाल्लंस, आता धंदा खायला निघालीस?"

सासूबाईंनी तिचा दंड धरून तिला मागं ओढलं. "पांढऱ्या पायाची मेली. तुला काय कळतंय त्यातलं? गप उभी राहा."

कामावरची दोन्ही माणसं जमिनीकडे बघत राहिली. तिनंच त्यांना टाकी चालवायला शिकवलं होतं. त्या दिवशी धाकटीनं मनाशी गाठ मारली. आता एक अक्षर बोलायचं नाही. सुटू दे मुलामा. सुटू दे सगळा.

आणि तो सुटायला लागला. चौथ्या महिन्यात पंप बनवणाऱ्या गिऱ्हाइकाकडून पहिला दांडा परत आला, मग येतच राहिले. भट्टीची परीक्षा थोरल्यांनी कधीच बंद केली होती; म्हणे, वेळ जातो फुकट. दांडा परत आला की घरात एकच आरडाओरडा. ही फटीतून बघत असणार! सासूबाईंनी पडद्याची फट शिवून टाकली. मग तिला सकाळी अंगणात यायला बंदी झाली. मग जेवायला शेवटी बसवायला लागले. धाकटी सगळं ऐकून घ्यायची आणि भांडी घासायची. तिला वाईट वाटायचं असं सांगितलं तर ते खोटं होईल. परत आलेल्या प्रत्येक दांड्यागणिक तिचा जीव थंड व्हायचा. तीन वर्षं तिनं तो थंडावा कोणाला दिसू दिला नाही.

तिची आठ वर्षांची लेक एकदा शाळेतून आली ती थेट कारखान्यात शिरली. तयार दांड्यात आपलं तोंड वाकडंतिकडं दिसतं, ते बघून खिदळायला लागली. तिनं त्यावर बोट टेकवलं मात्र, सासूबाईंनी तिच्या हातावर चापट मारली. "आईचीच लेक! उद्या हिचाही हात असाच निघायचा."

थोरले म्हणाले, "पंपवाल्यांची तपासणी होऊन जाऊ दे. मग दोघींना हिच्या भावाकडे धाडतो. अवदसा घराबाहेर गेल्याशिवाय टाकी सुधारायची नाही."

पोर रडली नाही. आपला हात उलटसुलट करून बघत राहिली. धाकटीनं ते बघितलं. स्वतःवर आलं तोवर तिनं गिळलं होतं, हे मात्र तिच्या घशाखाली उतरेना. लेकीनं जन्मभर आपल्याच हाताकडे असं बघायचं?

तपासणीला आल्या त्या एक बाई होत्या, केस पिकलेल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी पापुद्रे सुटलेला दांडा टेबलावर ठेवला. "आमचे पंप बंद पडले. कारण सांगा."

"कारण घरातलंच आहे, मॅडम," थोरले पडद्याकडे मान करून म्हणाले. "पण बंदोबस्त केलाय. परवा पाठवून देतोय तिला."

पडद्यामागून आवाज आला, "मॅडम, एवढंच विचारा त्यांना. टाकीत जाण्याआधी दांड्याला हात कोणाचा लागतो?"

थोरल्यांची छाती फुगली. "माझा! माझा हात लागल्याशिवाय एकही दांडा टाकीत जात नाही. हिचं तर तीन वर्षांत बोटसुद्धा लागलेलं नाही. विचारा माझ्या माणसांना."

माणसांनी माना हलवल्या. हेच तिला हवं होतं. पडदा सारून धाकटी कारखान्यात आली, तीन वर्षांत पहिल्यांदा.

"आज पाठवायच्या मालातला कुठलाही दांडा उचला, मॅडम. भट्टी पेटवायला सांगा."

"ए, आत हो!" थोरले गरजले.

"पेटवा," तपासनीस बाई म्हणाल्या.

दांडा तापला आणि पाण्यात बुडवताच चर्रर्र करून वाफ निघाली. बाहेर काढला तेव्हा मुलामा एकाच जागी फोडासारखा वर आला होता. बाकी दांडा आरशासारखा लख्ख. फोडाचा आकार बघायला सगळे वाकले. तीन बोटं लांब होती आणि अंगठ्याजवळचं अर्धं.

थोरल्यांनी आपला हात पाठीमागे घेतला.

"दांडा गार झालाय," धाकटी म्हणाली. "ठेवा त्यावर हात, भावोजी."

"काहीतरी काय बोलतेस!"

"रोज ठेवता की. आज चार माणसांसमोर ठेवा."

"ठेवा ना," तपासनीस बाई म्हणाल्या.

थोरल्यांनी हात ठेवला. तो फोडावर बोटाला बोट बसला.

"माझे पाय पांढरे म्हणालात सगळे," धाकटीचा आवाज चढला नाही, पण दारातल्या लेकीला ऐकू जाईल इतका स्वच्छ होता. "पाय राहू द्या. हा हात कोणाचा, तेवढं सांगा."

तपासनीस बाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "तुम्हाला ठाऊक होतं. मग बोलला का नाहीत?"

"बोलले होते, पहिल्याच दिवशी. मग म्हटलं, ज्यांना माझा हात नको त्यांना त्यांचाच हात दिसू दे. त्यात तुमचे पंप बंद पडले, ती चूक माझी. तेवढी मानते."

"यापुढे टाकीवर या असतील तरच काम देऊ," बाई थोरल्यांना म्हणाल्या. "नाहीतर सगळा माल आजच उचलते."

थोरल्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "अगं, घरचीच आहेस तू. झालं गेलं विसरून जा. सांभाळ टाकी."

"विसरणार नाही. सांभाळीन. पण दांडा टाकीत जाताना तुम्ही तिथं उभं राहायचं." तिनं पडद्याकडे बोट केलं. "पडदा म्हटलं की."

ते हसायला गेले. माणसांपैकी कोणी हसलं नाही, आणि तपासनीस बाई पिशवी आवरायला लागल्या. थोरले पडद्यामागे गेले. धाकटीनं नवऱ्याचे रबरी हातमोजे खुंटीवरून काढून चढवले.

सासूबाई अजून त्या दांड्यापाशीच उभ्या होत्या. सासरे असताना दांड्यांना पॉलिश त्याच करायच्या, तेही असं की गिऱ्हाईक नावाजायचं. सासरे गेले आणि तो निळा पडदा त्यांनी स्वतःच्या हातानं शिवला. त्यांनी लेकाच्या हाताच्या फोडावरून बोट फिरवलं.

"धाकटे," त्या म्हणाल्या, "मग मी तीस वर्षं तिथं कशाला उभी राहिले गं?"

धाकटीला तिच्या दंडावरची त्यांची पकड आठवली. तिनं दांडा ॲसिडमध्ये सोडला.

"ते पडद्यामागे उभे आहेत ना, त्यांना विचारा, आई."

सासूबाईंनी पडद्याकडे तोंड करून विचारलं. एकदा विचारलं, दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्यांनी पडदा दोन्ही हातांनी धरून ओढला. कड्या तटातट तुटल्या आणि मागे थोरले खाली मान घालून उभे असलेले सगळ्यांना दिसले.