चप्पल दाखवली, त्याची गोष्ट

माझ्या सासूबाईंचं, म्हणजे पार्वतीबाईंचं, तोंड जितकं चालतं तितके पाय चालत नाहीत. टाच ठणकते, अंगठ्याजवळचं हाड बाहेर आलंय आणि दुपारनंतर पाऊल पुरीसारखं फुगतं. म्हणून मी हिंगोलीहून त्यांना चिकटपट्ट्यांची सँडल आणली. सूज चढली की पट्टा सैल करायचा, उतरली की आवळायचा. इतकी सोयीची वस्तू, पण त्यांनी ती सरळ खाटेखाली ढकलली.

"ही दवाखान्याची चप्पल साखरपुड्यात घालू व्हय? लंगडी आजी पाहून ते म्हनतील, घराण्यातच खोट हाय. माझ्या पायापायी प्रतिक्षाचं जमलेलं मोडलं तर?"

हे म्हणताना त्यांचे डोळे भरले, म्हणून मी सँडल होती तिथंच राहू दिली. नाहीतर मी माघार घेणाऱ्यांतली नाही.

माझ्या लेकीच्या, प्रतिक्षाच्या, साखरपुड्याला सासूबाई सकाळपासून सतरंजीवर ठाण मांडून बसल्या, त्या उठल्याच नाहीत. पाहुणे निघाले तेव्हा पंचाईत झाली. मुलाच्या आजीला, मिराबाईंना, जीपपर्यंत पोचवायला घरातल्या थोरल्या बाईनंच जायचं, ही रीत. आणि जरीची चप्पल तर काही केल्या पायात शिरेना. मी खाटेखालची सँडल आणून पुढं ठेवली आणि चिकटलेला पट्टा ओढला.

चर्रर्र!

ओसरीवरच्या सगळ्या बायांनी आपापल्या ब्लाउजच्या काखा चाचपल्या. फाटलं कुणाचंच नव्हतं. मिराबाईंनी मात्र नेमकं खाली पाहिलं.

"काय वाजलं? दाखवा बरं चप्पल!"

सासूबाईंचा चेहरा उतरला. पण विहिणीचा शब्द मोडायचा कसा? त्यांनी एक सँडल उचलून मिराबाईंच्या तोंडापुढं धरली. तेवढ्यात माझे सासरे, दगडोबा, पानाचं तबक घेऊन आले. बघतात तर बायकोच्या हातात चप्पल आणि समोर विहीण. तबक तिथंच खाली पडलं.

"माफ करा विहीणबाई! तिचं तोंड तसलंच हाय, मन वाईट न्हाई. पोरीकडं पाहून पदरात घ्या!"

"माफी काहून मागून राहिले तुमी?" मिराबाईंनी दारातली स्वतःची चप्पल पायानं पुढं सारली. अंगठ्याच्या हाडासाठी तिला ब्लेडनं भोक पाडलेलं होतं. "सकाळधरनं मी बी पाय लुगड्याखाली झाकून बसले. म्हनलं, लंगड्या घरात पोरगी देत्यात का न्हाई, कुनाला ठावं. मला मानपानात लुगडं नको, अशीच जोडी द्या."

"अवं, विहिणीला मानपानात चप्पल? मी गावात तोंड कसं दाखवू?" सासूबाई म्हणाल्या.

"चप्पल दाखवली, आता तोंडाचं काय घिऊन बसल्या!"

सासूबाई हसता हसता रडल्या. मग दोघी एकमेकींचा हात धरून जीपकडं निघाल्या. लपवायचं काही उरलं नव्हतं, त्यामुळं दोघीही मनसोक्त लंगडल्या.