उजव्या बाजूचा आवाज

रियेका शहराच्या बंदरात केळी साठवायचं एक जुनं गोदाम होतं. नऊ वर्षांपूर्वी तिथे दुइलियोने क्लब काढला. मी तिथला साउंड बघते. हॉल अरुंद आणि लांबलचक. एका टोकाला स्पीकरचा डावा ढीग, दुसऱ्या टोकाला उजवा, आणि मधे चारशे माणसं नाचतात. डाव्या ढिगाला लागूनच कोट ठेवायची खिडकी. तिथे तेता फेदोरा बसायची. तेता म्हणजे मावशी. ती सदुसष्ट वर्षांची, आणि दुइलियोसकट आम्ही सगळे तिला तेताच म्हणायचो.

दर शनिवारी एक जुनी तबकडी वाजायची, १९७१ सालची, गावातल्याच एका बँडची. कव्हरवर चार केसाळ पोरांचा फोटो. गाणाऱ्या बाईचं नाव कुठेच नाही. ते गाणं लागलं की उजवीकडचे लोक हात वर करून गायचे आणि डावीकडचे नुसते पाय हलवायचे.

"डावीकडे नदीपलीकडचे उभे राहतात," दुइलियो म्हणायचा. "त्यांना कुठलं गाता येतंय!"

मी नदीपलीकडची. मला ते लागायचं. म्हणून एका गुरुवारी दुपारी, हॉल रिकामा असताना, मी ती तबकडी लावली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. उजवीकडे बाईचा आवाज इतका स्वच्छ, की तिने श्वास घेतलेला कळावा. वीस पावलांवर तो धूसर झाला. कोटांच्या खिडकीपाशी पोचले तर बाई जवळजवळ नाहीच. नुसते ड्रम आणि बास, छातीवर धपाधप. जुन्या स्टिरिओत अशी सरळ वाटणी करायचे: वाद्यं एकीकडे, गाणारी दुसरीकडे. नऊ वर्षं आम्ही निम्म्या लोकांना निम्मंच गाणं ऐकवत होतो.

दुइलियो हॉलच्या मधोमध, बारपाशी कॉफी पीत होता. मी म्हटलं, "आजपासून मोनो."

"म्हणजे काय?"

"डावं-उजवं एकत्र. दोन्ही ढिगांतून सगळंच गाणं."

"अगं ओर्नेला, देवाने दोन कान काय टोपी अडकवायला दिलेत?"

"दोन कानांची चैन घरी सोफ्यावर, बरोब्बर मधे बसणाऱ्याची. इथे बरोब्बर मधे कोण असतं? तू!"

"आणि इकडून तिकडे उडत जाते ती गिटार?"

"ती नाही उडणार आता."

"खाल्लंस माझं काळीज," तो म्हणाला. पण हाताने 'कर' अशी खूण केली.

मी सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली आणि मिक्सरवरचं बटण दाबलं.

काय सांगू! आवाज कुठल्या बाजूने येतोय हेच कळेना. तो हॉलभर उभा राहिला, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, एकसंध. दुइलियोचा कप हवेतच थांबला. पंधरा वर्षं या धंद्यात काढली, पण आवाजाला असं अंग असतं हे मला त्या दिवशी कळलं.

तेवढ्यात कोटांच्या खोलीत हँगर खाली पडल्याचा खणखणाट झाला आणि तेता फेदोरा बाहेर आली. चेहरा पांढराफटक.

"तेता, बरं नाही का वाटत?" मी धावले.

"गप्प," ती म्हणाली. "दुसरं कडवं येऊ दे."

दुसरं कडवं आलं. तेता ओठ हलवत होती. प्रत्येक शब्द, प्रत्येक श्वास, तबकडीतल्या बाईच्या बरोबर जागेवर. मग एका लांब सुरावर तिने तोंड उघडलं. तिचा आताचा खरखरीत आवाज त्या तरुण आवाजाला जाऊन टेकला, आणि दोन्ही एकाच गळ्यातले आहेत हे बहिऱ्यालाही कळलं असतं.

गाणं संपलं. सुई खरखरत राहिली. मला ती उचलायचंही सुचलं नाही.

"तुम्ही?" दुइलियो कसाबसा म्हणाला. एरवी तो तिला 'तू' म्हणायचा.

"एकोणीस वर्षांची होते. कागद कारखान्यात कामाला. त्यांचा गायक ऐनवेळी आजारी पडला, म्हणून मला झाग्रेबला रेकॉर्डिंगसाठी घेऊन गेले. एका दुपारचं काम. माझी तबकडी बहिणीबरोबर ऑस्ट्रेलियाला गेली."

"नऊ वर्षं आम्ही हे वाजवतोय! बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"काय बोलू? गाणं ओळखलं होतं, पण मला तर ड्रमच ऐकू यायचे. आणि तिकडे ऐकायला गेले असते तर कोट कुणी सांभाळले असते?"

दुइलियोने खुर्ची ओढली. तिला बसायचं नव्हतं. "पुन्हा लाव गं," ती मला म्हणाली.

मी लावली. तेता निघाली. एक हात भिंतीला लावून, सावकाश, डाव्या टोकापासून उजव्या टोकाकडे. दर चार-पाच पावलांनी थांबायची, मान कलती करून ऐकायची, पुन्हा चालायची. थांबेल तिथे तिचा आवाज आधीच येऊन उभा असायचा, अख्खाच्या अख्खा. दुइलियोने टोपी काढून हातात धरली होती.

ते बटण मी पुन्हा वर केलं नाही. दुइलियो अधूनमधून त्या गिटारीसाठी हळहळतो. तेताला द्यायला तसली दुसरी तबकडी खूप शोधून मिळाली नाही, पण आमच्या तबकडीच्या कव्हरवर चार पोरांच्या फोटोखाली त्याने स्वतः शाईने लिहिलंय: गायिका, फेदोरा ब्लेचिच.