कैचीखालची मतं

गेल्या महिन्याच्या अकरा तारखेपासून माझ्या दुकानात केसांबरोबर माणसांची मतंही गळून पडायला लागली.

पहिलं मत लेंभे सरांचं पडलं. सर हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचे, आता निवृत्त आहेत, आणि एक बुधवार सोडून एक बुधवार पेपर हातात धरूनच खुर्चीत बसतात. "चंद्रावर पाणी सापडलं म्हणे," ते म्हणाले. "सापडू दे. आपल्या नळाला एक दिवसाआड येतं, ते आधी रोज आणा म्हणावं." मी "बरोबर आहे, सर" म्हटलं आणि कानामागची बट कापली. बट फरशीवर पडली आणि तिथून सरांच्याच आवाजात म्हणाली, "ते आधी रोज आणा म्हणावं."

सर आरशात बघत राहिले. "मी काय म्हणत होतो रे सोपान?"

"चंद्राचं चाललं होतं, सर."

"चंद्राचं काय?"

सरांना चंद्राबद्दल काहीच वाटत नव्हतं. त्यांनी मान झटकली, चष्मा घातला आणि हलक्या पावलांनी घरी गेले. पेपर खुर्चीवरच राहिला.

मी सव्वीस वर्षं हे दुकान चालवतो, त्यामुळे सहसा दचकत नाही. दिवसभरात एकोणीस मतं पडली. मोबाइलमुळे चिमण्या गेल्या. आमदार बदलला की आधीच्या आमदाराचा पूल वाकडा दिसायला लागतो. चोराला चौकात उभा करून फटके द्या. संगणक लिहायला शिकला, आता पोरं काय शिकणार. संध्याकाळी सगळी झाडून कोपऱ्यात लावली. सकाळी घंटागाडी आली तेव्हा सुपलीतून घेऊन गेलो. गाडीवरच्या बाईंनी वाकून ऐकलं.

"ओला का सुका?" त्यांनी विचारलं.

"केस आहेत. सुकाच म्हणायचा."

"बोलतोय की. बोलणारा न्हाय घेत आम्ही," त्या म्हणाल्या आणि गाडी पुढं गेली. मी सुपली घेऊन परत आलो.

आता मतं पडायची ती पडोत, गिऱ्हाईकाला काय त्याचं. पण त्याच आठवड्यात नंदूचं प्रकरण झालं.

नंदू ढोबळे माझ्या समोरच्या गाळ्यात मोबाइल दुरुस्त करतो. रविवारी सकाळी दहा वाजता शाळेच्या कुलूपबंद खोलीतून मुलांचे अडतीस टॅब चोरीला गेले. चौकात नवीन कॅमेरे बसवलेत, त्यांना चेहरे ओळखणारं यंत्र जोडलंय. यंत्राने सांगितलं, पिशवी घेऊन जाणारा माणूस नंदकुमार ढोबळे आहे, खात्री एक्याण्णव टक्के. मंगळवारी पेपरात त्याचा फोटो आला.

त्या रविवारी दहा वाजता नंदू माझ्या खुर्चीत होता. तोंडाला फेस लावलेला होता आणि तो मला कुठल्या तरी चार्जरची गोष्ट सांगत होता. हे मला माहीत होतं. दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं, कारण त्या वेळी दुकानात आम्ही दोघंच होतो.

मग सांगितलं का नाही, असं कुणीही विचारेल. त्याला आमच्या धंद्याची रीत आडवी आली. माझ्या वडिलांनी हातात वस्तरा दिला तेव्हा एकच गोष्ट शिकवली होती. गिऱ्हाईक बोललं की 'बरोबर आहे' म्हणायचं. वाद घालणारा माणूस मान हलवतो, आणि हललेल्या मानेवर वस्तरा चालवता येत नाही. मी ते इतकं मनावर घेतलं की सव्वीस वर्षांत माझ्या हातून कुणाला ओरखडा आला नाही.

"यंत्र कशाला खोटं बोलेल?" बुधवारी पहिलं गिऱ्हाईक म्हणालं. "यंत्राला काय भाऊबंदकी असते?"

"बरोबर आहे."

"मोबाइल उघडणाऱ्याला कुलूप उघडायला किती वेळ लागतो?" दुसरं म्हणालं.

"बरोबर आहे."

"कॅमेरे कुणी बसवले? सत्तेवर असणाऱ्यांनी. मग ते कुणाला पकडणार?" तिसरं म्हणालं.

"बरोबर आहे," मी म्हणालो, कारण वस्तरा त्याच्या कंठमण्यावर होता.

प्रत्येक वेळी ठरवायचो की तोंड पुसून झालं की सांगू. पण तोंड पुसेपर्यंत मत खाली पडलेलं असायचं, माणसाला काही आठवत नसायचं, आणि पुढचा माणूस खुर्चीत बसलेला असायचा. रिकाम्या माणसाला काय सांगणार आणि कशाबद्दल?

दोन-तीन दिवसांत लोक परत येऊ लागले. कट्ट्यावर बसायचं आणि बोलायला काही नाही, हे कुणाला सोसणार? "माझं कालचं राहिलंय इथं," म्हणत ते दारात उभे राहायचे. मी कोपऱ्याकडे बोट दाखवायचो. कुणाचं कुठलं हे कुणालाच ओळखू येत नव्हतं. हात घालायचा आणि येईल ते घ्यायचं, असं चालू झालं. लेंभे सर आपलं चंद्राचं न्यायला आले होते. त्यांच्या हाती 'नंद्याशिवाय दुसरा कोण असणार' हे आलं. सरांनी ते कानाला लावलं, मान डोलावली आणि टोपीखाली नीट बसवून घेऊन गेले.

पुढच्या वेळी सरांचे केस कापले तेव्हा ते मत दोन आवाजांत बोललं, एक सरांचा आणि एक आधीच्या मालकाचा. मग ते ज्याने नेलं त्याच्याकडून पडलं तेव्हा तीन आवाज होते. चिमण्यांचं आणि पुलाचं मत ढिगाच्या तळाशी गेलं. वर सगळी नंदूबद्दलचीच राहिली, आणि वरचीच हाताला लागत होती.

पुढे एका गुरुवारी ढीग खिडकीच्या चौकटीपर्यंत आला. एक खुर्ची त्याच्या आत गेली. दुकानाचं दार अर्धंच उघडायला लागलं. नंदू अंग चोरून आडवा आत आला तेव्हा मी फवाऱ्यात पाणी भरत होतो. त्याची दाढी वाढली होती.

"सोपानदा, तू सांगितलंस का कुणाला? मी इथं होतो म्हणून?"

"सांगणार आहे."

"शनिवारी कोर्टात नेणार आहेत मला. आई जेवत न्हाय." तो ढिगाकडे बघत होता. ढीग त्याच्याबद्दलच बोलत होता, हळू आवाजात, खूप जण एकदम जेवत असल्यासारखा. "हे काय म्हणतायत?"

"काही नाही रे. गावगप्पा."

"मी इथं होतो ना, दादा?"

तो मला आठवण करून देत होता की खरंच विचारत होता, ते कळलं नाही. "बरोबर आहे," मी म्हणालो. तो माझ्या तोंडाकडे बघत आडवा होऊनच बाहेर गेला. मला स्वतःची लाज वाटली. हो म्हणायला हवं होतं. हो आणि बरोबर आहे यांत काय फरक आहे ते मला सांगता आलं नसतं, पण त्याला तो कळला होता.

तो गेल्यापासून त्या रविवारची माझी आठवण हलायला लागली. डोळे मिटले की खुर्ची दिसायची, फेस दिसायचा, फेसाला दोन डोळे दिसायचे. ते कधी नंदूचे असत, कधी लेंभे सरांचे. एकदा माझेच होते. चार्जरची गोष्ट चालूच असायची, पण ती कुणाच्या आवाजात ते नक्की होत नव्हतं.

रात्री जेवताना बायकोला सांगितलं. शालनला माझ्या दुकानाचं काही विशेष वाटत नाही.

"तुम्हाला काय वाटतं पण?" तिने विचारलं.

मी तोंड उघडलं. आत काही नव्हतं.

"अहो, वाटायचं काय त्यात? तो होता का नव्हता?"

"होता."

"मग तसं जाऊन सांगा की चौकीत. कुणी अडवलंय?"

"बरोबर आहे," मी म्हणालो. शालनने पळी पातेल्यात ठेवली आणि माझ्याकडे असं बघितलं की मी उरलेलं जेवण खाली मान घालून संपवलं.

शुक्रवारी सकाळी मी चौकीत जायला निघालो. वाट दुकानावरून जाते. दुकानासमोर हवालदार घुगे उभे होते, काखेत वही, शेजारी नंदू. नंदूने इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"तुझ्याकडंच आलोय," घुगे म्हणाले. "हा म्हणतो तू साक्षीदार आहेस. जबाब घेतो आणि मिटवतो. उघड."

दार वीतभर उघडलं. आम्ही एकामागून एक आत शिरलो आणि ढिगाने दार मागून लावून घेतलं. आत तीन माणसांपुरती जागा होती आणि एक खुर्ची. ढीग आरशांपर्यंत आला होता. सगळ्या बाजूंनी नंदूचं नाव ऐकू येत होतं. घुग्यांनी त्यातलं एक कानाला लावून बघितलं. "माझंच दिसतंय," ते म्हणाले आणि ते खिशात ठेवलं.

"बस तू," त्यांनी मला खुर्ची दाखवली. "उभ्यानं जबाब घेत नसतो."

सव्वीस वर्षांत मी त्या खुर्चीत बसलो नव्हतो. माझे केस शालनच कापते, घरी. खुर्चीत बसल्यावर समजलं की मान आपोआप मागे जाते.

घुग्यांनी वही उघडली. "सोपान दगडू गायकवाड. रविवारी सकाळी दहाला नंदकुमार ढोबळे तुझ्या दुकानात नव्हता. नव्हता ना?"

"बरोबर आहे, साहेब," मी म्हणालो.

ते माझ्या तोंडून कधी निघालं मला कळलंच नाही. घुगे लिहू लागले. आरशात मला नंदूचे हात दिसत होते, शर्टाची शिवण चिमटीत धरलेले.

"थांबा साहेब. ते लिहू नका. ते माझं मत नाही, सवय आहे."

"मग मत काय आहे तुझं?"

"मत नाहीये. झालेली गोष्ट आहे."

"मग सांग की झालेली गोष्ट."

मी तोंड उघडलं. जिभेवर तेच दोन शब्द येऊन बसले होते. ते बाजूला सारून मागचं काढायला गेलो तर मागेही तेच होते. गावाचं जे काही आत असतं ते कैचीखाली बाहेर पडतं हे मी महिनाभर बघत होतो. माझंही कुठे तरी असणारच. दुसरा मार्ग मला सुचला नाही.

"नंदू," मी म्हणालो. "कैची घे."

"मला न्हाय येत, दादा."

"येण्यासारखं काही नाही त्यात. काप."

त्याने माझ्या गळ्याभोवती कापड बांधलं, गाठ उलटी मारली, आणि डाव्या कानावरची बट कापली. बट कापडावर पडली. "बरोबर आहे, सर," ती माझ्या आवाजात म्हणाली. घुग्यांनी लिहिलं. दुसरी पडली. "बरोबर आहे, दादा." तिसरी. "बरोबर आहे, काका, बरोबर आहे." त्यांत वीस वर्षांपूर्वीची होती, वारलेल्या माणसांना म्हटलेली होती, एक तर माझ्या वडिलांना म्हटलेली होती. घुगे प्रत्येक लिहीत होते. लिहिताना ते दर वेळी तोच प्रश्न वर लिहायचे आणि खाली माझं उत्तर.

"साहेब, ही त्या प्रश्नाची उत्तरं नाहीत," मी म्हणालो.

"जबाब चालू असताना जे बोललं जाईल ते लिहावं लागतं," घुगे म्हणाले. पान उलटून ते पुढे लिहू लागले.

नंदू भरभर कापू लागला. त्याच्या कपाळावरून घाम माझ्या डोक्यावर पडत होता. कापडावर मावेनात तेव्हा केस ढिगावर पडू लागले, आणि ढीगही त्यांच्याबरोबर तेच म्हणू लागला. वहीची सात पानं भरली. आरशात माझं डोकं नांगरलेल्या रानासारखं दिसत होतं. मला वाटायला लागलं की शेवटपर्यंत हेच असेल, की आत दुसरं काही कधी नव्हतंच, आणि मी फार घाबरलो.

टाळूवर एकच पुंजका उरला. नंदूने तो चिमटीत धरला आणि कैची लावली. अर्धे केस कापले गेले आणि माझ्या मांडीवर पडले.

"रविवारी दहा वाजता या खुर्चीत," ते म्हणाले.

ढीग गप्प झाला. तेवढ्यात पहिल्यांदाच बाहेरच्या रस्त्यावरच्या गाड्या ऐकू आल्या. पुंजक्याचा उरलेला अर्धा भाग अजून माझ्या डोक्यावर होता.

"काप," घुगे म्हणाले. त्यांनी पेन कागदावर टेकवलं होतं.

नंदू आरशातून माझ्याकडे बघत होता. मीही त्याच्याकडे बघत होतो. पुढे काय येणार ते त्याच्या चेहऱ्यावर शोधत होतो, आणि तो माझ्या. कैची उघडी होती आणि उरलेले केस तिच्या दोन पात्यांमध्ये होते.