स्वस्तातली वायर

मित्रांनो, कॅमेऱ्याच्या पिशवीत तळाशी वेटोळं करून पडलेली काळी वायर कधी पाहिली आहे का? मी तशीच एक, आता जुनी झालेली वायर आहे. माझं एक टोक कॅमेऱ्यात जातं, दुसऱ्या टोकाला हेडफोन लागतो. आवाज कसा भरला जातो आहे, ते कॅमेरावाल्याच्या कानापर्यंत पोचवायचं, एवढंच माझं काम. चांगला तर चांगला, वाईट तर वाईट. पदरचं मी काही घालत नाही.

माझा जन्म कारखान्यात नाही, स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला. मला बनवणारी बाई नवऱ्याच्या मागे घरीच वायरी करून विकायची. मी तिला आईच म्हणते. भांडी आवरली की ती टेबल पुसायची, तारा जोडायची सोल्डरिंग गन तापवायची. वायर तयार झाली की तिला वाकवून, पिळून, हिसके देऊन स्वतः हेडफोन लावून तपासायची.

किंमत सांगायची वेळ आली की मात्र तिची जीभ अडखळायची. तारेचे आणि पिनांचे पैसे धरायची, वर चहापुरते.

"आई, तुझ्या कामाचे कुठे धरलेस?" लेक विचारायची.

"माझ्या हातांना काय वीज लागते? बसल्या जागी तर करते."

लेक कपाळावर हात मारून घ्यायची. मलाही राग यायचा, पण वायरीला कोण विचारतो?

एका कॅमेरावाल्याने मला घेतलं. "घरगुतीच तर आहे, मावशी," म्हणत त्याने चहाचे पैसेही कापून घेतले. त्याच्याकडे मी इमानेइतबारे राबले. कितीतरी समारंभ, भाषणं, मुलाखती मी त्याच्या कानाशी नेल्या. पण कधी खरखर आली, की तो आधी माझ्यावरच डोळे वटारायचा.

मग आईच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्रच काढावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. लेकीला तेव्हा दिवस गेले होते. येणाऱ्या बाळाला आजीचा आवाज निदान ऐकता तरी यावा, म्हणून तिने ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्याच कॅमेरावाल्याला बोलावलं.

आई टेबलाशी बसली. त्याने तिच्यासमोर माइक ठेवला, मला जोडलं, हेडफोन लावला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"खरखर येतेय. तुमचीच वायर दिसतेय, मावशी. स्वस्तातली म्हटल्यावर असं व्हायचंच."

आईने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती माझी बाजू घेईल. तिने मला किती तपासलं होतं!

"असेल बाबा. घरीच केलेली ना," ती म्हणाली.

मित्रांनो, त्याच्या बोलण्याचं मला काही वाटलं नाही. तिच्या बोलण्याने मात्र काळीज तुटलं. खोट माइकच्या पिनेत होती, ती सैल झाली होती. मी खरं तेच सांगत होते. पण त्याने मला उपटून बाजूला टाकलं. माझ्याशिवाय हेडफोन पोचेना, तेव्हा तोही काढला. कॅमेऱ्याच्या पडद्यावरच्या आवाजाच्या पट्ट्या हलत होत्या, तेवढ्यावर त्याचं समाधान झालं. खरखरीनेही त्या हलतात, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

आई बोलत राहिली. बाळाला लाडाने हाका मारल्या, बडबडगीतं म्हटली, लेकीच्या लहानपणीच्या खोड्या सांगताना हसली. घसा दुखला की पाणी प्यायची आणि पुन्हा बोलायची.

ऑपरेशननंतर ती घरी आली, तेव्हा कॅमेरावाला उतरल्या तोंडाने दारात उभा होता. त्याने मला कॅमेऱ्याला जोडलं आणि हेडफोन लेकीच्या हाती दिला. आईचा एक शब्दही मला तिच्या कानापर्यंत नेता आला नाही. होती ती नुसती खरखर. लेकीने ती शेवटपर्यंत ऐकली.

आईने भुवया उंचावून विचारलं, कसं आलंय?

"छान आलंय, आई. अगदी स्पष्ट."

आईचा चेहरा फुलला. आपली वायर चांगली निघाली, म्हणून तिने माझ्यावरून हात फिरवला. कॅमेरावाला खाली मान घालून उभा होता.

आता बाळ रांगतं. आजी त्याला टाळी वाजवून बोलावते.

मित्रांनो, स्वस्त मिळाली म्हणून एखाद्या वस्तूला खोटी ठरवू नका. आणि तुमच्या घरात असं राबणारं कोणी असेल, तर त्याच्या हातांची खरी किंमत त्याला बोलता येतंय तोवर त्याच्याच तोंडून वदवून घ्या.