जाईबाईच्या बाचा तिरकमठा

अठ्ठ्याहत्तर सालच्या जानेवारीतली गोष्ट. नवऱ्याची पहिली शिफ्ट सुटायची वेळ झाली होती आणि काळेवाडीतल्या आपल्या खोलीबाहेर कस्तुरा बंब पेटवत होती. वखारीतून आणलेल्या जळणाच्या मोळीतून तिनं एक लांब काडी ओढली, गुडघ्यावर धरली आणि मोडणार, तेवढ्यात तिच्या बोटांना दोरा लागला.

काडीच्या टोकाला पिसांचे तुकडे होते, वाखाच्या बारीक दोऱ्यानं बांधलेले. कस्तुरा शेजारणींच्या झंपरांची हातशिलाई करायची. दोऱ्याचं काम तिला चटकन कळे. इतके घट्ट, इतके सारखे वेढे तिला स्वतःलाही जमले नसते. एकच गोष्ट नवलाची होती. वेढे उलट्या अंगानं गेले होते.

बंब तसाच सोडून तिनं मोळी मोकळी केली. आणखी चार बाण निघाले. आणि बाभळीच्या ढलप्यांखाली एक काळंभोर धनुष्य.

भीमराज घरी आला तो भुकेला आणि धुळीनं माखलेला. तो एका फाउंड्रीत ओतकामाचे लाकडी साचे बनवायचा.

“पाणी न्हाई तापलं?”

“तुमचं पाणी तापवायला हे जाळू का?” म्हणत कस्तुरानं धनुष्य त्याच्यापुढं धरलं.

तो तिथंच उकिडवा बसला. खिशातली फूटपट्टी काढून त्यानं धनुष्य इकडून मापलं, तिकडून मापलं. “अगं, ह्याची दोरीसुद्धा बांबूचीच हाय! एकच कांब, कागदासारखी तासलेली. ना रंधा, ना पॉलिशपेपर. कुणाचा हात असंल गं हा?” त्या दिवशी त्यानं गार पाण्यानं आंघोळ केली आणि आंघोळ करताना तो शीळ घालत होता.

दुसऱ्या दिवशी अर्धी चाळ बघायला आली. शेजारचे दौलतराव म्हणाले, हे मावळ्यांच्या वेळचं शस्त्र आहे. सरूबाईंना वाटलं, जत्रेतल्या नाटकवाल्यांचं असणार. भीमराज तोवर वॉर्निशचा डबा घेऊन आला होता.

“डबा ठेवा खाली,” कस्तुरा म्हणाली. “आधी कुणाचं हाय ते कळू द्या.”

वखारवाल्या सोपानरावांनी आठवून सांगितलं, ते लाकूड महाळुंग्याच्या एका पाडलेल्या घराचं. रविवारी नवराबायको एसटीनं निघाली. धनुष्य आणि बाण कस्तुरानं जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेतले होते.

महाळुंग्यात नव्या घराच्या विटा रचल्या जात होत्या. घराची मालकीण दुर्गाबाई पदर खोचून विटांवर पाणी मारत होती. लुगडं उलगडताच तिनं कपाळावर हात मारला.

“आगं बया! ह्ये जळणात गेलं व्हय? ह्यो तिरकमठा आमच्या राखणदाराचा. ठाकर व्हता, डोंगराकडच्या वाडीतला. भुईमुगाला रानडुकरं लागायची, तर रातभर माळ्यावर बसायचा. म्हातारपणी वाडीला परत गेला, तवा ह्यो आमच्या चुलीवर टांगून गेला. म्हनला, येईन न्यायला. आला न्हाई. वारला, असं कळलं.”

“त्याचं कुणी असंल की?”

“लेक हाय, जाईबाई. चाकणच्या बाजारात हिरडा-शिकेकाई घिऊन बसती. बाभळीखाली बसती ती.”

बाजाराच्या दिवशी भीमराजनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. बाभळीखाली शिकेकाईच्या ढिगामागं एक साठीची, काटक बाई बसली होती. कस्तुरानं तिच्यापुढं बसून लुगडं सोडलं.

“मावशी, हे वळखू येतंय का?”

जाईबाईनं आधी धनुष्याकडं बघितलंच नाही. एक बाण उचलला, पिसाखालच्या वेढ्यांवर अंगठा फिरवला, आणि मग तोच बाण नाकाशी नेऊन वास घेतला.

“माजा बा डावखुरा व्हता,” ती हळू आवाजात म्हणाली. “सारी वाडी हसायची त्येला. दोरा बी उलटा गुंडाळायचा.” आणि एकदम मोठ्यानं, आजूबाजूच्या बायका वळून बघतील इतक्या मोठ्यानं ती ओरडली, “माज्या बाचा तिरकमठा गावला गं!”

मग काय विचारता! लसणीवाली उठून आली, मडकीवाला आला, गिऱ्हाईक तसंच उभं राहिलं. जाईबाई एकेक बाण उचलून सांगू लागली. रुंद पात्याचा डुकराचा. काट्याचा मासळीचा, त्याला लांब दोरी बांधायची. आणि ज्याला पातंच नव्हतं, नुसतं लाकडी बोंड होतं, तो पाखराचा. “पाखरू निस्तं खाली पडावं, फाटू नये,” ती म्हणाली. भीमराज खिशातल्या वहीत सगळं लिहून घेत होता.

न राहवून त्यानं धनुष्य उचललं आणि दोरी ओढायला बोट लावलं. जाईबाईनं त्याच्या मनगटावर फटका मारला.

“आरं मोडशील! वाळलाय त्यो. म्हाताऱ्या मानसाला कुस्तीला उभं करशील का?”

“मग टिकवायचा कसा, मावशी? मी वॉर्निश आणलंय.”

“वार्निस नगं, काय बी नगं. वास घिऊन बग. धूर हाय त्येच्यात. चुलीवर व्हता म्हनून किडा लागला न्हाई. दोरी सैल सोडायची आन् धुरात टांगायचा. बस.”

भीमराज आणि कस्तुरानं एकमेकांकडं पाहिलं. त्यांच्या खोलीत रॉकेलचा स्टोव्ह होता. आठ दिवसांत भीमराजचा त्या धनुष्यावर इतका जीव जडला होता की भिंतीवरची जागाही त्यानं ठरवून ठेवली होती. कस्तुराला ते ठाऊक होतं.

भीमराजनंच लुगड्याची घडी सरळ केली. “मावशी, तुमची चूल पेटती हाय न्हवं? मग ह्यो तुमच्याच घरी जाऊ द्या. मला फकस्त एक दिवस द्या. ह्याचं चित्र काढून घेतो.”

जाईबाईनं शिकेकाईचं अख्खं गाठोडं कस्तुराच्या ओटीत ओतलं.

चित्र काढायला एक नाही, चार दिवस लागले. ब्राऊन पेपरवर भीमराजनं खऱ्या आकाराचं धनुष्य काढलं, प्रत्येक बाणाची जाडी, पिसाची लांबी, वेढ्यांची संख्या लिहिली. वेढे मात्र कस्तुरानं मोजले. त्याची मोजणी दर वेळी वेगळी येत होती. फोरमनला विचारून त्यानं सागवानाचे दोन उरलेले तुकडे घेतले आणि धनुष्य टेकवायला दोन गोलसर खुंट्या घडवल्या, बांबूला कुठं टोचू नये अशा.

पुढच्या रविवारी ती दोघं ठाकरवाडीला पोचली. जाईबाईच्या घरात, चुलीच्या वरच्या आडव्या वाशाला भीमराजनं खुंट्या ठोकल्या. जाईबाईनं स्वतः तिरकमठा चढवला आणि चुलीत ओली काटकी सारून इतका धूर केला की सगळे डोळे पुसत अंगणात पळाले.

अंगणात तिचा चुलता सोनबा बसला होता. त्यानं भीमराजचं चित्र जमिनीवर पसरलं, वितीनं मापलं आणि मान हलवली. “बराबर हाय. पन कागद बान सोडतोय व्हय?” तो उठून घरात गेला आणि नवाकोरा, पिवळाधमक तिरकमठा घेऊन आला. जाईबाईनं बाजारातून परतल्यावर त्याला सगळं सांगितलं होतं, तेव्हापासून तो हेच करत बसला होता. वीस वर्षांनी तिरकमठ्यासाठी हातात कोयता धरला, असं म्हणाला. आता वाडीतली चार पोरं आणि दोन पोरी रोज शिकायला येऊन बसत होती.

“वढा,” सोनबा भीमराजला म्हणाला.

भीमराजचा पहिला बाण त्याच्याच पायाशी पडला. दुसरा कोंबड्यांत गेला आणि कोंबड्यांनी वाडी डोक्यावर घेतली. जाईबाई हसून हसून ओट्यावर बसली.

“आता तू,” तिनं कस्तुराला ढकललं.

कस्तुरानं पदर खोचला, एक डोळा मिटला, सोनबानं दाखवलं तसं कोपर वर धरलं. बाण सणकन सुटला आणि समोरच्या छपरावर वेलीला लागलेल्या तांबड्या भोपळ्यात खच्चकन रुतला. मग पोरींनी जो गलका केला!

“कुणाचा हो भोपळा?” कस्तुरानं घाबरून विचारलं.

“तुजा!” सोनबा म्हणाला आणि शिडी आणायला उठला.

परतीच्या एसटीत भोपळा भीमराजच्या मांडीवर होता आणि कस्तुरा खिडकीशी बसली होती. कंडक्टरनं भोपळ्याच्या भोकाकडं बोट केलं. “हे काय झालं हो?”

“शिकार हाय,” भीमराज छाती काढून म्हणाला. “आमच्या मंडळींनी केली.”